मदत हवी आहे : पंचगंगेकाठच्या मळीच्या रानात निचरा कसा करावा?

सर्वांना नमस्कार. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला पंचगंगेकाठी आमची सव्वा एकर मळी, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन, असून २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती पूर्ण पाण्याखाली गेली होती.

नदी काठ ओलांडते तेव्हा पाण्याचा वेग मोडतो, जड वाळू काठाशीच बसते आणि बारीक चिकण गाळ संथ पाण्याबरोबर आत जाऊन सखल भागात निवळतो, हे आमच्या रानात उघड दिसते. काठालगतच्या सऱ्यांतली माती मुठीत धरली तरी भुरभुरते. बांधाकडच्या सखल भागात मात्र तिचा लाडू वळतो आणि उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळू आणि हरभरा नुसत्या ओलीवर येतात, तेव्हा गाळाची तक्रार करणे कृतघ्नपणाचेच ठरेल.

अडचण सखल भागाची आहे. तिथे वाफसा (मशागतीजोगी ओल) लवकर येत नाही, उसाचा फुटवा पिवळा पडतो आणि यंदा मातीवर पांढरट थर दिसू लागला आहे. जिप्सम टाकण्याचा सल्ला मिळाला, पण ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीचे औषध आहे. नुसत्या खारवट जमिनीला आधी निचराच लागतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांचे नमुने वेगवेगळे तपासायला देणार आहे.

जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकल्यास नदी फुगल्यावर पाणी उलटे आत येते का? की उघडा चर बरा? शिवाय वाळूसर पट्ट्यात उसाऐवजी वांगी कोणी घेतली असल्यास लागणीचा महिना आणि पाण्याच्या पाळ्या कृपया कळवाव्यात.