डावं वळण: चौकात शिरून थांबायचं की रेषेमागेच?

कासवछाप
शेजारच्या धाग्यात अमेरिकेत नव्याने गाडी चालवणाऱ्यांना सल्ला मिळालाय: "गोल हिरवा (बाण नसलेला साधा दिवा) लागला की चौकाच्या मध्यात जाऊन उभे राहा. पिवळा झाला की समोरचे थांबतातच, तेव्हा वळा. चौकाआधीच्या थांबायच्या रेषेवर थांबतात ते घाबरट." खाली अनुमोदनांची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

सगळा घोळ "थांबतातच" मधल्या त्या 'च'मध्ये आहे. पिवळा असतो ३ ते ६ सेकंद. तेवढ्यात समोरच्याच्याही मनात "निघून जाऊ" हेच असतं. दोघांनाही पिवळा, दोघेही निघालेले, आणि दोष बहुतेक वेळा वळणाऱ्याच्या माथी. त्यात अर्धे लोक स्टिअरिंग आधीच डावीकडे वळवून उभे असतात. मागून धक्का बसला की गाडी थेट समोरच्या लेनमध्ये. रेषेमागे थांबा, समोरून येणाऱ्या गाड्यांत फट दिसली तर वळा, नाही तर डावीकडच्या पुढच्या हिरव्या बाणाची वाट बघा.

तिसरी लेन
आणि त्या चौकात बाणच नसेल तर? समोर सलग रांग असेल तर रेषेमागचा माणूस तिथेच म्हातारा होईल.

शिवाय रेषेपासून मध्यापर्यंत आठ-दहा मीटर असतात. उभ्या गाडीला तेवढं कापायला अडीच-तीन सेकंद जातात. म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा मोठी फट लागते आणि समोरच्या लेनही तुम्हाला नीट दिसत नाहीत. समोर डावीकडे वळणाऱ्यांची रांग असेल तर रेषेवरून फक्त त्या रांगेतला ट्रक दिसतो. चाकं वळवून ठेवणं ही चालकाची चूक आहे, जागेची नाही. स्टिअरिंग सरळ, पाय ब्रेकवर. संपलं.

कासवछाप
मग फटीचं गणितही मांडा की. अमेरिकेत रस्ते आखणारे डाव्या वळणासाठी साध्या कारला ५.५ सेकंद धरतात, ओलांडायच्या प्रत्येक जादा लेनला आणखी अर्धा. समोर तीन लेन म्हणजे ६.५. समोरचा ताशी ७२ किमीने येत असेल तर सेकंदाला २० मीटर, म्हणजे तो १३० मीटर लांब हवा. मध्यात उभं राहून मागच्याचा हॉर्न ऐकत कोण १३० मीटर मोजतं? मोटरसायकल तर लहान दिसते म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते.

नवा_भिडू
डावीकडे वळायला एवढा काथ्याकूट? कडेकडेने वळायचं असतं ना?

तिसरी लेन
भिडू, पहिली ओळ वाचा. अमेरिका. गाड्या उजवीकडून. तुमच्याकडचं उजवं वळण डोळ्यांपुढे आणा आणि परत या.

डबल_डिक्लच
मध्यात धावणाऱ्यांसाठी माझं आवडतं दुखणं. डाव्या लेनचा लूप, म्हणजे गाडी आल्याचं ओळखणारं तारेचं वेटोळं, रेषेपाशी आणि तिच्या मागे रस्त्यात पुरलेला असतो. रेषा ओलांडून पुढे सरकलात आणि मागे दुसरी गाडी नसेल, तर सिग्नलच्या पेटीच्या हिशेबी तुम्ही तिथे नाहीच. बाणाची मागणी रद्द, तो फेरा बाणाविना जातो. मग "सिग्नल बिघडलाय" म्हणून बोंब. लाल असताना इंच-इंच पुढे सरकणारे यात आघाडीवर. लूपऐवजी कॅमेरा असला तरी त्याचा पाहायचा चौकोन बहुधा तिथेच आखलेला असतो.

सिग्नल_आतून
लूप राहू दे बाजूला. मूळ सल्ल्यातली खरी मरणाची जागा दोघांनाही दिसली नाही. "मला पिवळा म्हणजे समोरच्यालाही पिवळा" हे कुणी सांगितलं?

काही चौकांत समोरच्या बाजूचा डावा बाण हिरव्याच्या शेवटी येतो. त्यासाठी तुमची बाजू आधी बंद करतात. तुम्ही मध्यात उभे, तुमचा गोल हिरवा पिवळा होतो, तुम्हाला वाटतं समोरचेही थांबणार, तुम्ही वळता. समोरच्याचा हिरवा चालूच असतो आणि तो पूर्ण वेगात येतो. याला पिवळ्याचा सापळाच म्हणतात. यात अडकलेला चालक आपण नियम पाळतोय असं समजतच मरतो.

तिसरी लेन
असा चौक आखणाऱ्याला धरा. चालकाला कशाला ज्ञान पाजता?

सिग्नल_आतून
धरलंय. "समोरच्यांना वाट देऊन वळा" सांगणारा लुकलुकणारा पिवळा बाण त्यासाठीच आला आणि २००९ च्या सिग्नल-पाट्यांच्या राष्ट्रीय नियमावलीत शिरला. तो तुमच्या शेजारच्या सरळ दिव्याला बांधलेला नसतो, समोरच्या हिरव्याला बांधलेला असतो. समोर हिरवा असेतोवर तो लुकलुकत राहतो. पण जुने चौक अजून आहेत. काही ठिकाणी समोरच्यांचा हिरवा लांबतो अशी पाटी असते. ती वाचायची तसदी घ्या, मग ज्ञान पाजावं लागणार नाही.

तिसरी लेन
बरं, पंडितजी. मग पिवळ्यावर मध्यात अडकलेल्याने करायचं काय? तिथेच तंबू ठोकायचा?

सिग्नल_आतून
दिव्याकडे नाही, समोरच्या गाडीकडे बघायचं. ब्रेक लागला की नाक खाली दबतं, चाकांचा वेग मोडतो. प्रत्येक लेनमधली पहिली गाडी थांबताना दिसली की मग निघायचं. तोवर लाल झाला तरी चालेल. हिरव्यावर आत शिरलेल्याने लालवर चौक रिकामा करणं बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे. आणि जवळच्या लेनमधला भला माणूस थांबून "जा" म्हणून हात करतो ना, त्याच्या पलीकडची लेन त्यालाही दिसत नसते.

काचेकडचा_खांब
सगळे समोर बघताय. पायी चालणारे कुठे गेले? तुमच्या हिरव्याबरोबरच तुमच्या डावीकडच्या झेब्र्याला चालायचा दिवा लागतो. तुमच्याच दिशेने चालणारा माणूस डाव्या खांद्यामागून येतो. गाडी वळते तसा तो पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाआड सरकत राहतो, शेवटपर्यंत. नव्या गाड्यांचे खांब तर मांडीएवढे. न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाने २०१६ मध्ये मांडलं होतं की डाव्या वळणात पादचारी आणि सायकलस्वारांचे मृत्यू उजव्या वळणाच्या दुपटीहून जास्त होतात, मृत्यू आणि गंभीर दुखापती मिळून तिपटीहून जास्त. म्हणून तिथे मधल्या रेषेवर रबरी उंचवटे बसवले, कोपरा कापून वेगात वळता येऊ नये म्हणून.

आधी झेब्रा, मग फट, मग पुन्हा झेब्रा. खांबाआड बघायला मान पुढे-मागे हलवा. फट बघून निघालात आणि झेब्र्यावर माणूस निघाला, तर समोरच्या लेनमध्ये आडवे उभे राहाल.

कासवछाप
खांबाचा मुद्दा मान्य. सापळ्याचाही, तो माझ्याच बाजूने आहे.

सिग्नल_आतून
कुणाच्याच बाजूने नाही. रेषेमागून फट शोधणाराही पिवळा बघून घाईत निघाला तर त्याच सापळ्यात.

कासवछाप
ठीक. गोल हिरवा, बाण नाही, समोर सलग रांग, पलीकडच्या रस्त्यावर जागा, चाकं सरळ: एवढं सगळं जुळलं तर मध्यात जा. पण एकच गाडी. मागची तिला चिकटून आत आली की पहिली पिवळ्यानंतर निघते, दुसरी लालमध्ये आडवी राहते.

तिसरी लेन
एवढ्या अटी घालून अखेर माझ्याच जागी आलात. या, बसा.

डबल_डिक्लच
आणि बाण असलेल्या चौकात लाल असताना रेषेच्या मागे. लूपवर.