घर की चर्च?

काकांबद्दल ‘त्यांचं सगळं आयुष्य चर्चमध्येच गेलं, घरच्यांच्या वाट्याला उरलेसुरले तास आले’ असं वर एकाने लिहिलंय. चर्चसाठी ते राबले हे खरं, पण पुढचं मला अजिबात पटत नाही. काकूंचं डायलिसिस सुरू झालं त्याच सुमारास चर्चच्या कमिटीने काकांना खजिनदार होण्यासाठी गळ घातली होती. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. डायलिसिसच्या दिवशी ते दवाखान्यात काकूंजवळ असायचे, त्या दिवशी चर्चचं कुठलंही काम घ्यायचे नाहीत. आणि मुलींचं म्हणाल, तर नाताळच्या सजावटीत काका शिडीवर आणि खालून दोघी हुकूम सोडतायत, हे आम्ही दरवर्षी बघायचो.

इथे अजून कुणी लिहिलं नाही ते काका चर्चमध्ये मुलांसाठी घ्यायचे त्या रविवारच्या शाळेबद्दल. मिशनरींनी १८५४ च्या सुमारास नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे नाशिकात शिकली, त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाच्या शवासोबत थेट इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत खांदेकऱ्यांमध्ये होता, हे सगळं मला काकांनी सांगितलं. शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्या आम्हा पोरांना शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं! वर्गासाठी ते एका जाड वहीत टिपणं काढायचे. त्यांच्या मुली हे वाचत असतील तर ती वही जपा, आणि जमलं तर तिच्या झेरॉक्स प्रती आताच्या मुलांना द्या.