एका मूनचाइल्डवरून अख्खा अल्बम मोडीत काढू नका

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' या पहिल्या अल्बमबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय की पहिलं गाणं आणि कव्हर सोडलं तर त्यात काहीच नाही, उगाच डोक्यावर घेतलाय. मला हे अजिबात पटलं नाही. त्यातल्या मूनचाइल्ड गाण्याचं मान्य आहे, 12 मिनिटांतली सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं गोड आहेत आणि मग जी टुणटुण चालू होते ती संपतच नाही, मी पण कित्येकदा पुढे ढकलतो. पण एपिटाफ हे गाणं नीट ऐकलंय का, हेडफोन लावून? ग्रेग लेकचा आवाज आणि त्याच्यामागे इयन मॅकडोनाल्डचा मेलोट्रॉन, म्हणजे एक कीबोर्ड, ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगची टेप, ती पण साधारण 8 सेकंदांत संपणारी, की पट्टी सोडून परत दाबायची, आणि अशा यंत्रातून ते सगळं आभाळ भरून आल्यासारखं वाजवलंय! हे 1969 मध्ये, जानेवारीत तालमी सुरू केलेल्या पोरांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःच प्रोड्यूस करून बाहेर काढलं. पहिल्या गाण्यात, स्किझॉइड मॅनमध्ये, मधे गिटार, सॅक्स, बेस सगळे एकदम थांबतात आणि एकदम सुटतात तिथे आजही काटा येतो अंगावर.

आणि आय टॉक टू द विंडला झोपाळू म्हणणाऱ्यांनी एकदा बासरी सोडून फक्त मायकल जाइल्सचे ड्रम्स ऐका, किती हलक्या हाताने वाजवलेत ते.