मदत हवी आहे: टर्मक्समध्ये बनवलेलं नेटिव्ह ॲप उघडताच बंद पडतं

महाल_सी_प्लस: कॉम्प्युटर नाही, सगळं फोनवरच करून राहिलो. ४ जीबी रॅम, आठ कोअर, अँड्रॉइड १४. टर्मक्स (फोनवर लिनक्ससारख्या कमांड चालवणारं ॲप) एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घेतलं. त्यात क्लँग (कंपायलर), सीमेक आणि निंजा (बिल्ड चालवणारी साधनं), एएपीटी२ (एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल फाइल बांधणारं) आणि एपीकेसाइनर (तिच्यावर सही करणारं). जावाची एक ओळ नाही, सगळं सी/सी++: नेटिव्हॲक्टिव्हिटी, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलीत) 'हॅजकोड' फॉल्स, लिबमेन.एसओ ही कंपाइल झालेल्या कोडची फाइल ६४ बिट फोनांसाठीच्या 'लिब/आर्म६४-व्ही८ए' फोल्डरात.

एपीके इन्स्टॉल होते, पण उघडताच बंद. वायरलेस डिबगिंगने टर्मक्समधूनच एडीबी (डिबगिंगचं साधन) जोडून लॉगकॅट, म्हणजे फोनचा लॉग पाहिला: 'लिबसी++_शेअर्ड.एसओ' ही सी++ ची लायब्ररी सापडत नाही. टर्मक्सच्या लिब फोल्डरात तर ती फाइल आहे! दुसरं म्हणजे, पूर्ण बिल्डला कधी क्लँग 'किल्ड' म्हणतो, कधी अख्खं टर्मक्सच 'सिग्नल ९' देऊन बंद होतं. काहून?

धंतोली_बिल्ड: भाऊ, फाइल आहे, पण ती टर्मक्सच्या घरात आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपचा यूझर आयडी वेगळा, त्यामुळे तुमच्या ॲपला टर्मक्सच्या फोल्डरात डोकावताच येत नाही. टर्मक्सचा क्लँग लिंक करताना स्वतःच्या लिब फोल्डरचा पत्ता एसओमध्ये लिहून ठेवतो, म्हणून टर्मक्सच्या आत सगळं सुरळीत चालतं आणि माणूस फसतो. लिबमेन.एसओवर 'रीडएल्फ' उणे डी (-d) लावून चालवा. कुठल्या लायब्ररी लागतात ते 'नीडेड' ओळींत आणि तो पत्ता 'रनपाथ' ओळीत दिसेल.

ती फाइल कॉपी करून लिबमेनच्या शेजारी ठेवा. मग झिपअलाइन (एपीकेच्या आतल्या फाइली नीट जागेवर बसवणारं साधन), आणि सही सगळ्यात शेवटी. सहीनंतर एपीकेला हात लावला की सही बाद. कोड निव्वळ सी असेल तर 'क्लँग++'ऐवजी 'क्लँग'ने लिंक करा, ही लायब्ररी लागणारच नाही. मला हा मार्ग जास्त पटतो. 'नीडेड'मध्ये टर्मक्सची आणखी कुठली लायब्ररी दिसली तर तीही सोबत न्यावी लागेल. लिबसी, लिबलॉग, लिबअँड्रॉइड सिस्टिमच्याच आहेत, त्यांना हात लावू नका.

खामला_कर्नल: सिग्नल ९ बद्दल. ही दोन वेगळी दुखणी आहेत. फक्त क्लँग मेला तर रॅम संपली. निंजा न सांगता कोअरपेक्षा दोन जास्त, म्हणजे तुमच्याकडे एकदम १० कामं काढतो. टेम्पलेटने भरलेल्या सी++ फाइली असतील तर ४ जीबीत ते मावत नाही. निंजाला उणे जे २ (-j2, म्हणजे एकावेळी दोनच कामं) द्या, तरी मेला तर १.

अख्खं टर्मक्स गेलं तर बहुधा अँड्रॉइड १२ पासूनची मर्यादा: सगळ्या ॲप्सच्या मिळून ३२ च्या वर चाइल्ड प्रोसेस (ॲपने आतून सुरू केलेले प्रोग्राम) झाल्या की सिस्टिम त्या मारते. तुमच्या १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स' चालू करा. टर्मक्सचं बॅटरी ऑप्टिमायझेशनही बंद करा.

आणि मे महिन्यातल्या दुपारी चार्जर लावून बिल्ड करू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत फोन तापला की कोअरचा वेग उतरतो, बिल्ड रेंगाळतं. कव्हर काढून कूलरच्या झोतात ठेवा, पण जाळीला टेकवून नाही. थेंब चार्जिंगच्या भोकात जातात.

महाल_सी_प्लस: लायब्ररी टाकली, ॲप उघडलं! जे २ नेही काम झालं. पण मित्राच्या फोनवर 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' येऊन राहिलं.

धंतोली_बिल्ड: त्याच्या टर्मक्समध्ये 'यूनेम' उणे एम (-m) चालवा, फोन कुठल्या प्रकारचा ते कळेल. 'आर्मव्ही८एल' किंवा 'आर्मव्ही७एल' आलं तर अँड्रॉइड ३२ बिटचं आहे, मग चिप ६४ बिटची का असेना. तुमच्या एपीकेत फक्त आर्म६४ आहे. त्याच्याच फोनवर तोच कोड पुन्हा बांधा, दोन्ही एसओ ३२ बिटसाठीच्या 'लिब/आर्मईएबीआय-व्ही७ए'मध्ये ठेवा आणि तुमच्याच कीने सही करा.