आई रोज ‘दोन’च सांगते, तिचा त्रास कसा ओळखावा?

प्रश्न
माझ्या आईचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला असून आता केवळ उपशामक (आजार बरा करण्याचे नव्हे, तर त्रास कमी करण्याचे) उपचार चालू आहेत. परिचारिकेने दिलेल्या तक्त्यात वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप, चिंता यांना ० ते १० असे अंक द्यायचे असतात. आई वेदनेला रोज ‘दोन’ म्हणते; मात्र कूस बदलताना तिचा चेहरा आक्रसतो. मी स्वतःच्या अंदाजाने सात लिहावे का? मॉर्फिन वाढवण्यासही ती नकार देते, कारण ते शेवटचेच औषध असते अशी तिची समजूत आहे.

प्रतिसाद १ (परिचारिका)
कृपया अंक बदलू नका. १९९१ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे तयार झालेल्या या पद्धतीत रुग्णाचे स्वतःचे सांगणेच प्रमाण मानतात. दोनच लिहा आणि शेजारी तुम्हाला काय, कधी दिसले ते नोंदवा. पडून असताना किती आणि कूस बदलताना किती, हे वेगवेगळे विचारा. पुष्कळ जण ‘दुखत नाही’ म्हणतात, पण ठणका, कळ, जळजळ की ओढ असे विचारले की नेमके सांगू लागतात. आणि हा फरक डॉक्टरांना औषध निवडताना फार उपयोगी पडतो. पुढे त्यांना बोलवेनासे झाले, तर चेहरा, कण्हणे, श्वास आणि अंगाचा ताठरपणा यांवरून अंदाज घ्यावा लागेल.

प्रतिसाद २ (डॉक्टर)
मॉर्फिन वेदनेच्या प्रमाणात देतात, आयुष्य किती उरले आहे त्यावरून नव्हे. योग्य मात्रेत, बेताबेताने वाढवलेल्या मॉर्फिनने मृत्यू जवळ येत नाही, हे आईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुरुवातीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवे. हालचालीपूर्वी साधारण अर्धा तास जादा मात्रा घेता येईल का, आणि पोटातील मज्जातंतूंच्या जाळ्यावर इंजेक्शन देऊन स्वादुपिंडाची वेदना कमी करता येईल का, हे अवश्य विचारा. मात्रा स्वतःहून बदलू नका. अतिशय झोपाळूपणा, स्नायूंचे झटके किंवा श्वास मंदावणे दिसल्यास लगेच कळवा.

प्रतिसाद ३
माझे वडीलही असेच कमी अंक सांगत. ‘या सगळ्यांत सर्वांत जास्त काय छळते?’ असे विचारल्यावर त्यांनी वेदनेचे नावही काढले नाही. रात्री एकटे पडण्याची भीती सांगितली. आधुनिक उपशामक सेवेचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मांडलेल्या ‘समग्र वेदने’चा, म्हणजे शरीराबरोबर मनाचे आणि एकटेपणाचे दुःखही वेदनेतच धरण्याचा, अर्थ मला त्या दिवशी उमगला. त्यानंतर आम्ही पाळीपाळीने त्यांच्या खोलीत झोपू लागलो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आज वेगवेगळे विचारले: पडून असताना दोन, कूस बदलताना आठ. मी घाबरून जाईन म्हणून इतके दिवस सांगितले नाही, असे ती म्हणाली. उद्या डॉक्टर तिच्याशी स्वतः बोलणार आहेत.