कासचा पॅनोरमा: फ्रेम्स जोडाव्यात की एकच घ्यावी?

यवतेश्वरची_पायवाट (धागाकर्ता)

सप्टेंबर लागला की साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठाराचे पॅनोरमा, म्हणजे रुंद पट्टीसारखे फोटो, सगळीकडे दिसू लागतात आणि त्यांतले बरेचसे अल्ट्रावाइड लेन्सने एकदाच टिपून वरखाली कापलेले असतात. माझे स्पष्ट मत असे, की निसर्गदृश्याचा पॅनोरमा काढायचा तर तो अनेक फ्रेम्स (शेजारशेजारचे सुटे फोटो) जोडूनच काढावा. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवे सुमारे ९७ अंश पाहते खरी, पण तिच्यात समोरची डोंगररांग रेघेएवढी उरते; शिवाय २४ मेगापिक्सेलचा फोटो ३:१ या प्रमाणात कापला की निम्मेच पिक्सेल हाती लागतात. याउलट ५० मिमी लेन्स लावून, कॅमेरा उभा धरून आणि प्रत्येक फ्रेमचा एक तृतीयांश भाग पुढच्या फ्रेममध्ये येऊ देत सात फ्रेम्स घेतल्या, तर साधारण १३५ अंशांचा पट्टा मिळतो. त्याची रुंदी २०,००० पिक्सेलच्या आसपास जाते, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साडेपाच फुटी प्रिंट. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर ठेवावेत, पोलरायझर (चमक कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवावा, कारण सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो आणि रुंद फोटोत तेवढाच पट्टा काळवंडलेला दिसतो.

कृष्णाकाठ_सांगली

आकडेमोड मान्य, निष्कर्ष अमान्य. कासला आपण दूरच्या डोंगरांसाठी जात नाही, फुलांसाठी जातो, आणि फूल कॅमेऱ्यापासून दोन फुटांवर असले की जोडकाम तिथेच फसते. कॅमेरा लेन्सच्या नो-पॅरलॅक्स पॉइंटभोवती (ज्या बिंदूभोवती फिरवल्यास जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकत नाहीत) न फिरवता नुसता ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला, तर जवळचा देठ मागच्या टेकडीच्या तुलनेत प्रत्येक फ्रेममध्ये थोडा सरकतो आणि सॉफ्टवेअर एका तेरड्याचे दोन तेरडे करते. त्यावर नोडल रेल (कॅमेरा मागे सरकवून त्या बिंदूभोवती फिरवू देणारी पट्टी) हा उपाय आहे, हे ठाऊक आहे. पण पठारावरचा वारा फुलांना क्षणभर स्थिर राहू देत नाही, त्याला रेल काय करणार? आणि जांभ्यावर मातीचा थर मुळात पातळ. तिथे ट्रायपॉडचे तीन पाय रोवून घोळ घालत बसणे मला पटत नाही. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, ती आपल्या साडेपाच फुटी प्रिंटसाठी तुडवायची का?

पाटणचा_वाटसरू

मोबाईल डावीकडून उजवीकडे फिरवला की काम झाले. घरच्यांना पाठवायला एवढे पुरते, बाकी हौसेला मोल नाही!

यवतेश्वरची_पायवाट

कृष्णाकाठ, तुडवण्याच्या मुद्द्यावर दुमत नाही. ट्रायपॉड रस्त्याकडेच्या उघड्या कातळावरच ठेवावा. तथापि आपला आक्षेप जवळच्या वस्तूंपुरता आहे. सज्जनगडावरून उरमोडीचे खोरे टिपताना सर्वांत जवळची वस्तूच शेकडो फूट दूर असते, तिथे पॅरलॅक्स (वस्तूंचे हे सरकणे) जाणवतही नाही आणि हातात धरून घेतलेल्या फ्रेम्ससुद्धा हगिनसारखे फुकट सॉफ्टवेअर सफाईने जोडते. प्रोजेक्शन (दृश्य सपाट फोटोवर उतरवण्याची पद्धत) तेवढे सिलिंड्रिकल, म्हणजे नळकांड्यासारखे, निवडावे; सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या रेक्टिलिनियरमध्ये १२० अंशांच्या पुढे कडा रबरासारख्या ताणल्या जातात.

वाटसरूंना इतकेच सांगतो, की मोबाईलची ती पट्टी मोठी छापून पाहावी.

कृष्णाकाठ_सांगली

सज्जनगड सोडा, पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीला चला. पवनचक्कीचे पाते एका फ्रेममध्ये वर, तर पुढच्या फ्रेममध्ये आडवे असते, आणि दोन्ही फ्रेम्सच्या सांध्यावर अर्धे पाते हवेत लटकते. सांधा दोन पवनचक्क्यांच्या मधल्या आकाशातून नेता येतो, असे आपण म्हणाल; पण खालून त्याच सांध्यात ढगाची सावली सरकत असते, तिचे काय? १९९८ साली आलेल्या हॅसलब्लाड एक्सपॅन या फिल्म कॅमेऱ्यामध्ये ३५ मिमी रोलवरच २४ × ६५ मिमीची फ्रेम एका क्लिकमध्ये मिळत असे, म्हणजे रुंदी शटर दाबण्याआधीच ठरलेली असायची. १६ मिमीचा फोटो कापू नये, हे आपले म्हणणे मी मान्य करीन. मात्र ३५ मिमी लेन्सने एकच फ्रेम घेऊन ती त्याच प्रमाणात कापली, तर पाती, ढग आणि सावल्या एकाच क्षणाच्या राहतात. पिक्सेल कमी भरतील, भरू देत.

यवतेश्वरची_पायवाट

३५ मिमी म्हणजे जेमतेम ५४ अंश. एवढ्यात चाळकेवाडीची निम्मी रांगही मावणार नाही. त्याला फोटो म्हणा, पॅनोरमा कशाला म्हणायचे?