लॅपटॉप चार्जरच ओळखत नाहीये, मदरबोर्ड बदलावाच लागेल का?

मीनल_सांगली
नमस्कार मंडळी, मुलाच्या लॅपटॉपचा घोळ झालाय, जरा मदत हवीय. तीन-चार वर्षांचा आहे, गोल पिनचा चार्जर, त्यावर १९.५ व्होल्ट ६५ वॅट लिहिलंय. गेल्या आठवड्यापासून चालू केला की आधी काळ्या स्क्रीनवर मेसेज येतो की अॅडॉप्टरचा टाइप ओळखता येत नाहीये, मग एक बटण दाबलं की विंडोज येतं पण बॅटरी चार्जच होत नाही, नुसतं 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. आणि चार्जर लावलेला असला की मशीन इतकं स्लो की वर्डची फाइल उघडेपर्यंत चहा होईल, चार्जर काढला की परत नीट पळतं. आता बॅटरी १० टक्क्यांच्या खाली आलीय. दुकानात दाखवला तर उघडूनसुद्धा न बघता म्हणाले बोर्डवरचा चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) गेलाय, बोर्डच बदला, नऊ हजार. पोराचं डिप्लोमाचं सबमिशन तोंडावर आहे. खरंच बोर्ड गेला असेल का?

टेक_नाद
ताई, आधी फुकटातले उपाय करून बघा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. तरी नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज उघडून तिथली मायक्रोसॉफ्ट एसीपीआय बॅटरीची एन्ट्री अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट मारा, ड्रायव्हर आपोआप परत येतो. माझ्या भावाचं यानेच सुटलं होतं.

सोल्डरवाला
बटण दाबून बघायला हरकत नाही पण ड्रायव्हरच्या मागे लागू नका, कारण मेसेज विंडोज यायच्या आधी येतोय, म्हणजे तक्रार बायोस करतंय, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा स्वतःचा प्रोग्राम.

बोर्डाबद्दल एवढ्यात काहीच ठरवू नका. या गोल पिनच्या मधोमध बारीक सुईसारखी पिन असते ना, त्यातून करंट जात नाही. बाहेरचं कडं निगेटिव्ह, आतलं प्लस, आणि मधली सुई फक्त ओळख पटवायला. चार्जरच्या आत एक छोटी मेमरी चिप असते, त्यात तो किती वॅटचा आहे ते लिहिलेलं असतं, लॅपटॉप त्या एका वायरवरून ते वाचतो. उत्तर आलं नाही तर समोर केवढ्या ताकदीचा चार्जर आहे हे त्याला कळत नाही, मग तो बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि चार्जरवर लोड पडू नये म्हणून प्रोसेसरचा स्पीड एकदम खाली आणतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून सीपीयूचा स्पीड बघा, १ गिगाहर्ट्झच्याही खाली अडकलेला दिसेल. चार्जर लावला की स्लो आणि काढला की नीट, यावरूनच कळतं की चार्जरची पॉवर येतेय, फक्त ओळख पटत नाहीये.

आता शोधायचं एवढंच की ती ओळखीची वायर कुठे तुटलीय. तीन जागा आहेत, चार्जर, लॅपटॉपचा जॅक (जिथे चार्जरची पिन घालतो ते भोक), नाहीतर बोर्ड, आणि याच क्रमाने तपासायचं कारण खर्चही याच क्रमाने वाढतो. चालू करताना एफ २ दाबून बायोसमध्ये जा, तिथे अॅडॉप्टरच्या समोर ६५ वॅट दिसायला हवं, तुमच्याकडे नन किंवा अननोन दिसेल. ते पान उघडं ठेवून पिनच्या मानेपाशी वायर हळू हलवा, मग प्लग जॅकमध्ये थोडा फिरवा. शेजारीपाजारी त्याच कंपनीचा, त्याच पिनचा ओरिजिनल चार्जर मिळाला तर तोही लावून बघा.

एक महत्त्वाचं, कुणी मल्टीमीटर लावून बघतो म्हणालं तर लावू देऊ नका. मीटरचं टोक आतल्या कड्याला आणि सुईला एकदम टेकलं की १९.५ व्होल्ट थेट त्या चिपवर जातात आणि चांगला चार्जरही कायमचा अनोळखी होतो. जॅकमध्ये टाचणी, सेफ्टी पिन घालून साफ करायचं तर मुळीच नाही.

मीनल_सांगली
खूप आभार दादा, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. सीपीयू ०.७८ वर अडकलाय, अगदी तुम्ही म्हणालात तसं. मुलाच्या मित्राचा चार्जर आणला, तोही अननोन. पण प्लग वरच्या बाजूला दाबून धरला की ६५ वॅट येतं, सोडला की जातं. आमच्या चार्जरनेसुद्धा तसंच होतंय.

सोल्डरवाला
मग जॅक, जवळपास नक्की. दाबल्यावर ६५ दिसतंय म्हणजे बोर्ड वाचतोय, चार्जर बोलतोय, दोघंही शाबूत. बऱ्याच मॉडेलमध्ये हा जॅक बोर्डला सोल्डर केलेला नसतो, छोट्या वायरसकट वेगळा पार्ट असतो, डीसी जॅक केबल म्हणून मागा, काहीशे रुपयांत मिळतो. दुसऱ्या दुकानात जा आणि बोर्ड बघा असं न म्हणता डीसी जॅक बदलून द्या असंच सांगा.

कोथरूडकर
लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का बघा, त्याच्याशेजारी विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर सबमिशनपुरतं कदाचित तिथून चार्ज करता येईल. मात्र मोबाइलचा साधा चार्जर चालणार नाही, पॉवर डिलिव्हरीवाला, २० व्होल्ट ३ अँपिअर देणारा हवा. आणि नवीन चार्जर कधी घ्यायची वेळ आलीच तर फुटपाथवरचा घेऊ नका, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर ने सुरू होणारा नंबर छापलेला बघून घ्या.

मीनल_सांगली
टाइप-सी आहे पण चिन्ह काहीच नाही. उद्या जॅकच बदलून घेते. मुलगा म्हणतोय मीच घरी बदलतो, करू देऊ का?

सोल्डरवाला
मॉडेल नंबर टाकून उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघायला सांगा. स्क्रू काढले, खालचं कव्हर निघालं की सगळ्यात पहिलं बॅटरीचं कनेक्टर बोर्डावरून काढायचं, त्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आणि पार्ट आधीच मागवू नका, जुन्या केबलवर पार्ट नंबरचं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून तोच मागवा, दिसायला सारखे जॅक असतात पण वायरची लांबी आणि कनेक्टर वेगळा निघतो.